सायडरचा पेला आणि सफरचंदाची बाग

आश्विन सरता सरता, म्हणजे ऑक्टोबर महिन्यात, पश्चिम इंग्लंडमधील हेरफर्डशर, सॉमरसेट आणि डेव्हन या परगण्यांत सफरचंदांची सुगी ऐन भरात असते. झाडांखालच्या गवतावर लाल-पिवळ्या फळांचा खच पडलेला असतो. ही फळे फळबाजारात मांडण्यासाठी नसतात. आणि कोणी हौसेने त्यांतले एखादे उचलून चावलेच, तर दुसरा घास घेण्याची त्याची तयारी नसते, इतकी त्यांतली बरीचशी तुरट असतात. आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे फळ एवढीच सफरचंदाची ओळख ज्यांना आहे, त्यांना याचे नवल वाटेल. पण याच तुरट फळांसाठी तेथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बागा राखल्या. त्यांचा रस आंबवून जे पेय तयार होते ते सायडर. अमेरिकेत त्यालाच ‘हार्ड सायडर’ म्हणण्याची रीत आहे.

मद्य या विषयावर आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एक सूर दारूबंदीचा आणि दुसरा सरकारी तिजोरीचा. पहिल्याच्या लेखी प्रत्येक पेला सारखाच पापमय, तर दुसऱ्याच्या लेखी प्रत्येक पेला सारखाच फलदायी. पेल्यात काय आहे, ते कोणत्या फळाचे आहे, ते फळ कोणी पिकवले आणि त्याला काय मिळाले, हे प्रश्न दोन्ही सुरांत बुडून जातात. सायडरचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास या बुडालेल्या प्रश्नांचा इतिहास आहे. पेयावर कर बसतो किंवा बंदी येते तेव्हा तिचा परिणाम पिणाऱ्यापुरता राहत नाही, तो बागेपर्यंत पोहोचतो. आणि बाग एकदा तुटली की ती उभी राहण्यास एक पिढी लागते. म्हणून आयुष्यात ज्याने थेंबालाही स्पर्श केला नाही आणि करण्याची इच्छाही नाही, त्यानेही हा विषय समजून घेण्यासारखा आहे.

रायवळ आणि कलमी

सफरचंदाचे मूळ मध्य आशियातील, आजच्या कझाकस्तानातील तिएन शान पर्वतराजीच्या रानांत आहे. या फळाचा एक स्वभाव कोकणातील माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. त्याची बी पेरली तर मूळ झाडासारखे फळ मिळत नाही. प्रत्येक रोपाची तऱ्हा निराळी. शंभरांत एखादेच गोड निघते, उरलेली आंबट, तुरट, लहान. थोडक्यात, बियांपासूनचे सफरचंद रायवळ आंब्याच्या जातकुळीचे. मनाजोगे फळ हवे तर कलमच बांधावे लागते.

या रायवळ फळांचे करायचे काय, या प्रश्नाचे युरोपाने शोधलेले उत्तर म्हणजे सायडर. अमेरिकेत वसाहत करणाऱ्यांनी तेच उत्तर सोबत नेले. ‘जॉनी ॲपलसीड’ या नावाने तेथील बालकथांत जाऊन बसलेला जॉन चॅपमन (१७७४ ते १८४५) ओहायोच्या परिसरात सफरचंदाच्या बिया पेरून रोपवाटिका तयार करी आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबांना रोपे विकी. ती रोपे बियांची असल्यामुळे त्यांची फळे बहुतांशी खाण्याजोगी नव्हती. ती घरच्या पिंपात जाण्यासाठीच होती. मुलांच्या पुस्तकांतून हा तपशील मात्र हळूच वगळला गेला.

इंग्लंडमध्ये हा उद्योग अधिक डोळसपणे चालला. सतराव्या शतकात हेरफर्डशरच्या लॉर्ड स्कूडमोर यांनी ‘रेडस्ट्रीक’ या सफरचंदाचा पुरस्कार केला आणि त्याच्या सायडरला उत्तम द्राक्षमद्याच्या तोडीची प्रतिष्ठा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी जॉन एव्हलिन यांनी १६६४ साली वृक्षांवरील आपल्या ग्रंथाला ‘पोमोना’ हे पुरवणी-प्रकरण जोडले, ते सफरचंद आणि सायडर यांवरच होते. पुढे १९०३ साली ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन येथे फळे आणि सायडर यांच्या अभ्यासाची संस्था निघाली. तेथील बार्कर या शास्त्रज्ञांनी सायडरच्या सफरचंदांचे जे वर्गीकरण केले ते आजही प्रमाण मानले जाते. रसात आम्ल ०.४५ टक्क्यांहून अधिक की कमी आणि टॅनिन ०.२ टक्क्यांहून अधिक की कमी, एवढ्या दोन कसोट्यांवर त्यांनी चार वर्ग पाडले: गोड, आंबट, आंबट-तुरट आणि गोड-तुरट.

येथे मराठी वाचकाला एक सोय आहे, ती इंग्रज वाचकाला नाही. इंग्रजीत या तुरट फळांच्या वर्गाला जे नाव पडले त्याचा शब्दशः अर्थ ‘कडू-गोड’ असा होतो; वास्तविक त्या फळाचा विशेष कडूपणापेक्षा तुरटपणा हा आहे. आपल्याकडे षड्रसांत तिक्त आणि कषाय हे दोन रस निरनिराळे मोजले गेले आहेत. हिरडा, आवळा, जांभूळ, कच्चे केळे, सुपारी यांची चव सांगताना लहान मूलही ‘कडू’ म्हणत नाही, ‘तुरट’च म्हणते. सायडरची सारी मौज या कषाय रसात आहे. नुसत्या गोड सफरचंदाचे सायडर मिळमिळीत होते, नुसत्या आंबटाचे दात शिवशिवणारे. त्या दोहोंना तुरटपणाची बैठक मिळाली म्हणजेच पेयाला अंग येते.

आढी, चरक आणि पिंप

सायडर करण्याची रीत ऊसाच्या गुऱ्हाळाची आठवण करून देणारी आहे. फळे गोळा झाली की ती लगेच चिरडत नाहीत. बागेतच किंवा माळ्यावर त्यांचे ढीग करून ती काही दिवस मुरू देतात, जशी आंब्याची आढी घालतात तशी. फळातील पिष्ट साखरेत उतरते, अंगठा दाबला की तो रुततो, मग ते चरकात जाण्यास योग्य झाले असे समजतात. पूर्वी गोल दगडी कुंडात घोड्याने फिरवलेल्या जात्याखाली फळांचा लगदा करीत. नंतर दात असलेली यंत्रे आली. लगद्याचे थर गवताच्या किंवा घोड्याच्या केसांच्या चटईत बांधून एकावर एक रचायचे आणि वरून दाब द्यायचा. एक टन फळांतून साधारणपणे ६०० ते ७०० लिटर रस निघतो. चोथा गुरांच्या गव्हाणीत जातो.

पुढचे काम निसर्गाचे. फळांवर आणि चरकाच्या लाकडावर जे किण्व असते तेच रसात उतरते आणि साखरेचे मद्यार्क व कर्बवायू यांत रूपांतर होऊ लागते. थंडी जितकी अधिक तितकी ही क्रिया संथ, आणि जितकी संथ तितका सुगंध टिकून राहतो. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढलेला रस हिवाळाभर पिंपात कुजबुजत राहतो आणि वसंतात त्यातील तीव्र आम्ल मवाळ होऊन पेय पिण्याजोगे होते. त्यात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ५ ते ८ टक्के असते. फ्रान्समधील नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांत आणखी एक युक्ती करतात. रसातील पेक्टिन गोठून तपकिरी सायीसारखे वर येते आणि किण्वाचे खाद्य आपल्याबरोबर घेऊन जाते. तिच्याखालचा स्वच्छ रस अलगद काढून घेतला की किण्व उपाशी राहते, आंबणे अर्ध्यावर मंदावते आणि फळाची गोडी पेयात शिल्लक राहते. वरून साखर घालावी लागत नाही.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. शरदातले सायडर म्हणून ज्याचे कौतुक होते ते बहुधा गेल्या वर्षीच्या फळांचे, वर्षभर मुरलेले असते. आणि शेजारच्या पिंपात यंदाच्या रसाला नुकता फेस येऊ लागलेला असतो. एकाच कोठारात एक हंगाम संपत असतो आणि दुसरा सुरू होत असतो. ही सांगड हाच त्या ऋतूतील आस्वादाचा गाभा आहे.

चवीची पारख

आस्वाद घेणे आणि पिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. गाण्याच्या बैठकीत नुसता हजर असलेला आणि समेवर मान हलवणारा यांच्यात जो फरक, तोच येथेही. पारखी माणूस प्रथम रंग पाहतो. कापलेले सफरचंद हवेत ठेवले की तांबूस होते. त्याच कारणाने तुरट फळांच्या सायडरला गवती पिवळ्यापासून गडद अंबरापर्यंत छटा येतात. मग गंध. चांगल्या सायडरला केवळ सफरचंदाचा वास येत नाही. त्यात लवंगेची, चामड्याची, धुराची, ओल्या गवताची झाक असते. व्हिनेगरचा तीव्र दर्प आला तर मात्र पिंपात हवा शिरली असे समजावे. त्यानंतर घोट: आधी गोडी, मग आंबटपणा, आणि शेवटी जिभेच्या कडा व हिरड्या आवळून धरणारा तुरटपणा. दूध न घातलेला कडक चहा पिणाऱ्याला ही शेवटची जाणीव परिचयाची आहे, कारण दोन्हीकडे कारभार त्याच जातीच्या द्रव्यांचा असतो.

हे सारे अनुभवायचे तर पेय बर्फगार असून चालत नाही. अतिथंडपणा गंध दडपतो आणि जीभ बधिर करतो. २००६ च्या सुमारास एका आयरिश कंपनीच्या जाहिरातींनी पेलाभर बर्फावर सायडर ओतून पिण्याची टूम ब्रिटनभर पसरवली. खप वाढला, हे खरे. पण ज्या पेयाची चव बर्फाखाली लपली तरी बिघडत नाही, त्यात मुळात चव किती होती, हा प्रश्न त्या टुमेने आपोआपच सोडवला.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील आस्तूरियास प्रांतात याच्या उलट दृश्य दिसते. तेथे वाढपी बाटली डोक्यावर उंच धरतो, रुंद तोंडाचा पेला कमरेखाली तिरपा धरतो आणि बारीक धार पेल्याच्या काठावर आपटेल अशी सोडतो. आपटल्यामुळे संथ सायडरमधील वायू आणि गंध क्षणभर जागे होतात. पेल्यात ओतायचे ते दोन-तीन घोटांपुरतेच, आणि ते तत्काळ संपवायचे. शेवटचे चार थेंब पेल्याच्या कडेवरून सांडून देतात, कारण तोच पेला पुढच्या माणसाकडे जायचा असतो. या रीतीत एकट्याने कोपऱ्यात बसून पीत राहण्यास जागाच नाही. आस्तूरियासची ही सायडर-संस्कृती २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली, ती बाटलीतील द्रवासाठी नव्हे. बाग, चरक, ओतणारा हात आणि भोवती जमलेली माणसे या साखळीसाठी.

अबकारीचा हात

ही साखळी राज्यकर्त्यांच्या हिशेबात कशी धरली गेली, हे पाहण्यासारखे आहे. सात वर्षांच्या युद्धाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी १७६३ साली लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने सायडरवर दर हॉग्जहेडला चार शिलिंग कर बसवला. कर विक्रीवर असता तर गोष्ट वेगळी होती. तो तयार करणाऱ्यावर होता, आणि तो वसूल करण्यासाठी अबकारी अधिकाऱ्यांना शेतकऱ्याच्या घरात शिरून झडती घेण्याचा अधिकार दिला गेला. स्वतःच्या झाडाच्या फळांचा रस स्वतःच्या घरी आंबवणारा शेतकरी एका रात्रीत संशयित ठरला. पश्चिम परगण्यांत दंगे झाले. थोरल्या विल्यम पिट यांनी पार्लमेंटमध्ये या तरतुदीवर कोरडे ओढले. गरिबाच्या मोडक्या झोपडीतही राजसत्तेने आगंतुकासारखे शिरू नये हा जो सिद्धान्त पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चर्चेत वारंवार उद्धृत झाला, तो या सायडर-कराच्या निमित्ताने मांडला गेला होता. ब्यूट यांना महिन्याभरातच पायउतार व्हावे लागले आणि १७६६ साली तो कायदा मागे घेतला गेला.

पण म्हणून सायडरचा इतिहास म्हणजे भोळ्या शेतकऱ्याची आणि दुष्ट सरकारची गोष्ट, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच दशकात डेव्हन परगण्यात पोटशूळ आणि पक्षाघात यांनी माणसे हैराण होत होती. १७६७ साली सर जॉर्ज बेकर या वैद्याने दाखवून दिले की तेथील चरकांत शिसे वापरलेले आहे, आंबट रसात ते उतरते आणि विषबाधा होते. हेरफर्डशरमध्ये चरकाला शिसे वापरत नाहीत आणि तेथे तो रोगही नाही. बेकर स्वतः डेव्हनचेच होते. तरी परगण्याच्या धंद्याला बट्टा लावला म्हणून त्यांच्यावर रोष झाला. यथावकाश शिसे गेले आणि रोगही गेला.

दुसरी काळी बाजू मजुरीची. शेतमजुराला त्याच्या कामाचा मोबदला अंशतः सायडरच्या रूपात देण्याची चाल पश्चिम इंग्लंडमध्ये दीर्घकाळ होती. सुगीच्या दिवसांत मजूर आपला लाकडी बुधला घेऊन येई आणि पगारातला काही भाग त्यातूनच पोटात जाई. घरी बायकामुलांच्या हाती काय पडत असेल याची कल्पना करणे कठीण नाही. १८८७ च्या कायद्याने शेतमजुरांना मद्याच्या रूपात वेतन देण्यास मनाई केली. योगायोग असा की त्याच साली हेरफर्ड येथे बल्मर या धर्मोपदेशकाच्या मुलाने सायडरचा कारखाना काढला आणि घरगुती पेयाचे बाजारी मालात रूपांतर होण्यास वेग आला. मजुराला रोख वेतन मिळवून देणारा कायदा योग्यच होता. राज्याचा हात नेहमीच घातकी असतो असे नाही. तो कोठे पडतो, हे महत्त्वाचे.

अमेरिकेचा धडा

तो भलत्याच ठिकाणी पडला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिका. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन यांची टर उडवण्यासाठी विरोधकांनी ‘हा गृहस्थ लाकडी खोपटात हार्ड सायडर पीत बसण्याच्याच लायकीचा’ अशा अर्थाची टीका केली. हॅरिसन यांच्या पक्षाने ती टीकाच निशाणावर घेतली, खोपट आणि सायडरचे पिंप ही प्रचाराची चिन्हे केली आणि निवडणूक जिंकली. सायडर तेव्हा इतके सामान्य माणसाचे पेय होते. पुढे शहरे वाढली, जर्मन निर्वासितांबरोबर बिअर आली, मद्यपानविरोधी चळवळ जोरात आली; आणि १९२० ते १९३३ या काळातील दारूबंदीने उरलेसुरले संपवले.

या बंदीत धान्यापासून होणारी बिअर आणि फळापासून होणारे सायडर यांच्या नशिबात एक फरक होता. बंदी उठताच बिअरवाल्याला पुढच्या हंगामाचे धान्य घेऊन कामास लागता आले. सायडरच्या बागांच्या जागी मात्र खाण्याच्या गोड सफरचंदांची लागवड झाली होती. तुरट वाणांना गिऱ्हाईक उरले नाही आणि कित्येक वाणे नामशेष झाली. न्यू जर्सीचे ‘हॅरिसन’ हे एके काळी नावाजलेले सायडरचे सफरचंद संपले असेच समजले जात होते. १९७६ साली ते त्याच राज्यात एका जुन्या ठिकाणी पुन्हा आढळले आणि त्याच्या कलमांतून वाण वाचले. शब्दही बदलला. अमेरिकेत नुसते ‘सायडर’ म्हटले की ताजा, न आंबवलेला रस असा अर्थ रूढ झाला. महाराष्ट्रात नीरा आणि ताडी यांत जो भेद, तोच तेथे सायडर आणि हार्ड सायडर यांत.

अलीकडे तेथे या पेयाचे पुनरुज्जीवन झाले, पण कायदा जुन्याच समजुतीत होता. ७ टक्क्यांहून थोडे अधिक मद्यार्क झाले की सायडरवर द्राक्षमद्याचा कर आणि थोडा अधिक फेस आला की शँपेनचा, अशी स्थिती होती. एखाद्या वर्षी ऊन चांगले पडून फळात साखर वाढली, तर त्याचा दंड शेतकऱ्याला! २०१५ च्या डिसेंबरात काँग्रेसने ही मर्यादा ८.५ टक्क्यांपर्यंत वाढवली. फळाचा गुण हा गुन्हा नव्हे, एवढे मान्य होण्यास बंदी उठल्यापासून ८२ वर्षे लागली.

एका नावाची दोन पेये

आज ब्रिटनमध्ये ‘सायडर’ या नावाने जे विकले जाते त्यात फळाचा रस किती असावा? कायद्याची किमान अट ३५ टक्क्यांची आहे, आणि तोही आटवलेल्या रसापासून पुन्हा केलेला चालतो. उरलेले पाणी आणि साखर. अशा पेयाला ऋतू नसतो, गाव नसते आणि वाणही नसते. ते बारा महिने कारखान्यातून वाहत असते. या जातीचे सर्वांत हीन रूप म्हणजे मोठमोठ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून मिळणारे, ७.५ टक्क्यांचे, रंगहीन आणि अतिस्वस्त ‘व्हाइट सायडर’. ते चवीसाठी कोणी पीत नाही. बेघर आणि व्यसनाधीन माणसांचे ते आसरास्थान झाले. स्कॉटलंडने २०१८ च्या मे महिन्यापासून मद्यार्काच्या प्रत्येक एककाला किमान ५० पेन्स ही किंमत ठरवून दिली आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती ६५ पेन्स केली. या धोरणाची झळ अशा स्वस्त सायडरला सर्वांत अधिक लागली, आणि ती लागावी हेच उचित होते. ब्रिटिश सरकारनेही २०१९ पासून या कडक सायडरवर वेगळा, चढा कर बसवला.

याच देशाने दुसऱ्या टोकाला एक शहाणपण दाखवले. १९२३ साली रद्द झालेला सायडर-कर १९७६ साली पुन्हा लागू झाला तेव्हा वर्षाला ७० हेक्टोलिटरपर्यंत, म्हणजे ७,००० लिटरपर्यंत, सायडर करणाऱ्या लहान शेतकऱ्याला करातून वगळण्यात आले. २०१५ साली युरोपीय आयोगाने ही सवलत काढून टाकण्यास सांगितले तेव्हा मोठा विरोध झाला आणि सवलत टिकली. हिशेबी दृष्टीने पाहता ही सूट क्षुल्लक आहे. परंतु डाबिनेट, किंग्स्टन ब्लॅक, फॉक्सव्हेल्प अशी नावे धारण करणारी झाडे ज्या आठ-दहा एकरांच्या बागांत उभी आहेत, त्या बागा मोठ्या अंशी या सुटीमुळे उभ्या आहेत. स्वस्त नशेवर चढा कर आणि ऋतूच्या फळावर हलका हात, ही ती दुहेरी नीती. प्रत्येक पेला सारखाच मानणाऱ्याला ती सुचली नसती.

कोकणातील बोंडे

सफरचंद महाराष्ट्रात नाही. पण फळ आहे, तुरटपणा आहे आणि प्रश्नही आहे. चैत्र-वैशाखात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या डोंगरउतारांवर काजूच्या झाडांखाली लाल-पिवळ्या बोंडांचा असाच खच पडतो. बी पिळून काढली जाते आणि रसाळ, तुरट बोंड बहुतांशी मातीत कुजते. सीमेपलीकडे गोव्यात तेच बोंड कोळंबीत तुडवले जाते, त्याचा रस आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उतरवला की हुर्राक आणि पुन्हा उतरवला की फेणी होते. हुर्राक टिकत नाही. तो त्या दोन-तीन महिन्यांतच घ्यायचा असतो, आणि म्हणून गोमंतकीय त्याची वाट पाहतो. फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. २०१६ साली गोवा सरकारने तिला कायद्याने ‘देशी दारू’च्या पंक्तीतून उठवून वारसा-पेयाचा दर्जा दिला. त्याच डोंगराच्या अलीकडच्या उतारावर मात्र तेच फळ कचरा ठरते. सायडर केवळ आंबवलेले आणि फेणी ऊर्ध्वपातित, म्हणजे कितीतरी तीव्र, हा भेद विसरता येत नाही. पण बोंडाचा रस केवळ आंबवून सायडरसारखे सौम्य पेय करता येणार नाही, असे कोठे आहे?

यावर आक्षेप येईल आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले. खेड्यापाड्यांतील बायांनी बाटली आडवी करण्यासाठी दिलेल्या लढ्यांमागचे दुःख ज्याला कळते, तो नव्या पेयाच्या स्वागताला पायघड्या घालणार नाही. तथापि महाराष्ट्र शासनाचे वर्तन या आदर्शानुसार चालत आले आहे, असे कोण म्हणेल? १९४९ चा दारूबंदी कायदा पुस्तकात आहे, आणि उत्पादनशुल्काचा आकडा अर्थसंकल्पात. द्राक्षांपासून वाइन करण्यास उत्तेजन देणारे धोरण राज्याने २००१ साली स्वीकारलेच. मळीच्या मद्यार्काला रंग व वास देऊन केलेली दारू राजरोस विकायची, मोठ्या बागायतदाराच्या द्राक्षाला उद्योगाचा मान द्यायचा आणि कोकणातील लहान शेतकऱ्याच्या बोंडाच्या वेळी नीतिमत्ता आठवायची, या व्यवहारात नीतीपेक्षा सोय अधिक आहे.

सायडरच्या इतिहासातून तीन कसोट्या निघतात. पेयात फळ किती, हे बाटलीवर लिहिलेले असावे. उत्पादकाचा आकार पाहून कर ठरावा, आणि लहान हाताला मोकळीक असावी. आणि स्वस्त नशा ही फळाच्या पेयाहून वेगळी वस्तू मानून तिच्यावर कडक निर्बंध असावेत. या कसोट्या लावून कोकणातील बोंडाविषयी निर्णय घेतला, आणि तो निर्णय सरबताच्या किंवा सिरपच्या बाजूने लागला, तरी हरकत नाही. फळ कुजता कामा नये, ही त्यातील मुख्य गोष्ट. डेव्हनमध्ये शिसे काढून टाकले गेले, चरक मोडले गेले नाहीत; मजुराला पैसे मिळू लागले, म्हणून बाग तोडली गेली नाही. दोष आणि वस्तू यांची फारकत करता येते, हे त्या परगण्यांनी दाखवले आहे.

आणि ही फारकत अखेर ज्याच्या जिभेला पारख आहे तोच करू शकतो. ही पारख मद्यापुरती नाही. गुळात रसायन आहे की नाही, आमसुलाला मिठाने जड केले आहे काय, हापूसच्या पेटीत कोठला आंबा दडला आहे, हे ओळखणारे घराघरांत होते तोवर बाजाराला थोडा धाक होता. हेरफर्डशरच्या बागांत फॉक्सव्हेल्पचे झाड आजही उभे आहे, कारण त्याच्या तुरटपणाला दाद देणारी काही माणसे शिल्लक आहेत. कोकणातील रायवळ आंबे आणि काजूची बोंडे यांच्या नशिबात काय आहे, ते ठरवणारी माणसेही किती शिल्लक आहेत, हे या वैशाखात मातीत कुजलेल्या फळांवरून मोजता येईल.